मामांचा खणखणीत टाइपरायटर

जगातली प्रत्येक वस्तू ठोकून बघण्यासाठीच केलेली आहे, अशी माझ्या थोरल्या मामांची ठाम समजूत होती. माझ्यासाठी आशागडला मुलगी बघायला गेलो, तर ह्यांनी मुलीकडे न बघता तिच्या वडिलांच्या टेबलावर टिचक्या मारल्या आणि "आत वाळवी आहे" असं जाहीर केलं. स्थळ तिथेच मोडलं.

डहाणू रोडला एका किराणा दुकानाच्या माडीवर मामा राहायचे आणि तिथेच टायपिंगचा क्लास चालवायचे. मशिनं तीन, आणि तिन्हींचा आवाज वेगळा. "अरे, अक्षराचा दांडा आपटतो कागदावर, पण कागदामागे रबराचा रूळ असतो," मामा सांगायचे. "रूळ नवा असला की टप. म्हातारा होऊन कडक झाला की टक. खाली लोकरीचा जाड नमदा घाल, आवाज गिळून टाकतो. पोकळ खणाच्या टेबलावर ठेव, ढोलकी!" क्लासकडे पाठ करून ते पेपर वाचत बसायचे. कुणाचं बोट जरा अडखळलं, की पेपरमागून गर्जना यायची, "चुकलं!" मुलं फी भरायची ती ह्या कानांसाठीच.

एका वर्षी मामांना वाटायला लागलं, मशिनांचा आवाज बसलाय. आधी खाऱ्या हवेला शिव्या झाल्या. मग नमदे काढले. मग पोकळ टेबलं आणली, कुठून तरी जुने कडक रूळ पैदा केले. मुलं कानात कापूस घालून टाइप करायला लागली. खालचा गुजराती दुकानदार वर येऊन म्हणाला, "मास्तर, छत पडी जशे हां!" मामा म्हणाले, "अजून मऊच वाटतो." आम्हाला काय ते कळलं होतं, पण सांगणार कोण? क्लास गेला तर मामांचं राहतं काय?

एक दिवस मामी चहा घेऊन आली. मामांनी विचारलं, "आता कसा वाटतो गं?"

मामी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "खणखणीत. पार चुलीपाशी ऐकू येतो."

मामांनी टेबलावर हात टेकवला. मग म्हणाले, "तुला येतो ना? मग राहू दे असाच."

दुसऱ्या दिवसापासून मामी तांदूळ निवडायचं ताट घेऊन मामांच्या शेजारी बसायला लागली. कुणाचं बोट अडखळलं, की ती हळूच मामांच्या मनगटाला बोट लावायची, आणि पेपरमागून गर्जना यायची, "चुकलं!"