काचेखालची दोन भोकं

माझं सगळं आयुष्य गळती थांबवण्यात गेलं. गच्च्या, टाक्या, बाथरूमं. पाणी दिसलं की त्याची वाट बंद करायची, हाच माझा धंदा. कोल्हापुरातून म्हैसूरला आलो तोही एका कारखान्याच्या गळक्या छपरापायी, आणि इथलाच जावई होऊन बसलो. त्यामुळे सासऱ्यांच्या जुन्या गाडीतली इंजिनाची जागा रंगासाठी तयार करायची निघाली, तेव्हा मी म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की वेगळी काढता येत नाही. मामा चौऱ्यांशीचे. नजर अधू झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि तीन वर्षं ती चामराजपुरमच्या घरी शेडमध्ये नुसती उभी होती. किल्ली मात्र त्यांच्या कनवटीला.

"दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आत आतून-बाहेरून नीट करून दाखवा, किल्ली देतो," ते म्हणाले. "नाहीतर बेडा, नकोच मला ती. भंगारवाल्याला देऊन टाकतो."

मला गाडी हवी होतीच. पण खोटं कशाला बोलू, गाडीपेक्षा मला त्यांची शाबासकी हवी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, एकदाही मिळाली नव्हती.

गाडी टेम्पोला बांधून आमच्या कुवेंपुनगरच्या घरी आणली. बन्नीमंटपच्या मेकॅनिकने साखळीने इंजिन वर ओढून काढलं, पोर्चमध्ये जुन्या टायरवर ठेवलं आणि तो चहा पिऊन गेला. पुढे मी आणि बायको. चार दिवस रॉकेल, साबण आणि तारेचा ब्रश. तेलाचा थर निघाला, त्याखाली मातीचा, त्याखाली सासूबाईंनी दरवर्षी पूजेला वाहिलेल्या कुंकवाचा. मग पॉलिश पेपरने घासघास घासलं, गंजावर लाल प्रायमर मारला आणि मी सीलरची नळी हातात घेतली. पत्र्याला पत्रा जिथे जोडलेला असतो त्या सांध्यात सीलर भरायचा आणि ओल्या बोटाने सफाईदार ओढायचा. या कामात माझा हात कोण धरणार होतं?

बायको टेप लावता लावता थांबली. "अहो, पुढच्या काचेच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत ही भोकं आहेत. गंज असा दोन्हीकडे सारख्या मापाने खातो का?"

"तीस वर्षं मी भोकंच बुजवतोय," मी म्हटलं. "तू आपली टेप लाव."

तिने टेप लावली. मी दोन्ही भोकं आतून पत्र्याचे तुकडे लावून बुजवली आणि वर सीलर जरा जास्तच भरला.

रंगारी सोमवारी येणार होता. रविवारी मामा रिक्षाने आले. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. "चांगला हात आहे," ते म्हणाले. मी फुगलो. बायकोकडे बघितलंसुद्धा.

मग मामांनी पुढचं दार उघडलं, चपला काढून बाहेर ठेवल्या, सीटवर बसले आणि अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवले. "आता काचेवर बादलीभर पाणी ओता."

मी दोन ओतल्या. पाणी काचेवरून घसरलं आणि काचेखालच्या जाळीत गेलं. मी वाकून गाडीखाली बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत. "बघा मामा," मी म्हटलं, "खाली एक थेंब नाही."

"खाली कसा येईल?" आतून आवाज आला. "इथे आहे सगळं."

मामांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. धोतर भिजलं होतं. जाळीतलं पाणी बाहेर जावं म्हणून कंपनीनेच ठेवलेली ती दोन भोकं. वरचे रबर झडून गेले म्हणून मला ती गंजाची वाटली. वाट बंद झाली तसं पाणी आतून डॅशबोर्डाखाली उतरलं. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने आधीच टोकलं होतं, हे मला मामांपुढे कबूल करावं लागलं. तिने स्क्रू-ड्रायव्हर आणून माझ्या हातात दिला, आणि माझाच पक्का सीलर उकरून काढायला मला अंधार पडेपर्यंत वेळ लागला.

रंग झाला, इंजिन परत बसलं. आयुधपूजेला गाडीला झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मामांनी कनवटीची किल्ली काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या बायकोच्या हातात ठेवली.

"भोकं हिने बघितली," ते म्हणाले. "तुम्ही मागे बसा, जावईबापू."

मी मांडीवर पूजेचे केळीचे खांब घेऊन मागे बसलो. मामा पुढे बायकोच्या शेजारी, पूजेनंतरची पहिली फेरी. बन्नीमंटपच्या अलीकडे पाऊस आला, साधासुधा नाही, वायपरला आवरेना असा. काचेवरून पाण्याचा लोट जाळीत जात होता. मामांनी एकेक चप्पल काढली आणि पाय खाली टेकवले. मी केळीच्या पानांतून मान पुढे काढून त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. पाणी आलं का, हे विचारायची हिंमत होत नव्हती.

जरा वेळाने पुढच्या सीटवरून मामांचं घोरणं ऐकू आलं.