बस्तुर्मावाला म्हातारा

शारजात आमच्या बांधकामाच्या साइटजवळ एका आर्मेनियन कुटुंबाचं सँडविचचं दुकान होतं. मेथीचा वास आला म्हणून मी आत शिरलो, तर तो बस्तुर्माचा, म्हणजे मेथी-लसणाचा लेप लावून वाळवलेल्या मांसाचा. तसं सँडविच पुन्हा कुठे मिळालं नाही. म्हातारा मालक कापण्याआधी मांस अंगठ्याने दाबून बघायचा.

एकदा एका मॅनेजरला पार्टीसाठी पन्नास सँडविचं हवी होती. "डबल देता हूँ," तो म्हणाला. म्हाताऱ्याने मांसावर अंगठा दाबला.

"कच्चा है, हबीबी. दो दिन."

सुनेने डोळे वटारले, तरी म्हातारा ढिम्म.

त्याच दुपारी आमचा साहेब ओरडला, "यल्ला, स्लॅबचं सेंट्रिंग काढा!" ओल्या स्लॅबखालचे टेकू काढायची त्याला नेहमीच घाई; एरवी मी मान डोलवायचो.

"कच्चा आहे, साहेब," मी म्हणालो. "दोन दिवस."