कळकलेला सोडा

चूक माझीच होती. लातूरच्या एका दुकानात सोडा मशीनला पाण्याची नळी मी तांब्याची लावली. तिच्यापायी एका बाईवर आळ आला, तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

मी नांदेडला राहतो. फ्रिज-एसीच्या कामातून या धंद्यात आलो. सोडा मशीन बाहेरून साधं दिसतं. खटका दाबला की ग्लासात सोडा पडतो. आत स्टीलची टाकी असते, तिला कार्बोनेटर म्हणतात. मोटर तिच्यात पाणी ढकलते, सिलिंडरमधून गॅस येतो आणि दाबाखाली पाण्यात विरघळतो. हे पाणी उलटं फिरू नये म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह असतो, एनआरव्ही. तो पाण्याला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही.

मोटरपर्यंतची नळी प्लास्टिकची लावायची असते. पण त्या दुकानात उंदीर फार. माझ्या बॅगेत एसीच्या कामातली तांब्याची नळी उरली होती, तीच जोडली. मालक बालाजीराव खूश झाले.

"तांब्याचं पाणी! गिऱ्हाइकाला सांगता येतंय की."

उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं. क्षाराचं पाणी. व्हॉल्व्हमध्ये क्षार बसला आणि तो अर्धवट उघडा राहिला. दुकान बंद असताना गॅसच्या दाबाने सोडा मागे सरकून तांब्याच्या नळीत साचायचा. सकाळी मोटर चालली की तेच पाणी टाकीत आणि टाकीतून ग्लासात. हे सगळं मला नंतर कळलं. आधी बालाजीरावांचा फोन आला.

"चार गिऱ्हाइकांला उलट्या झाल्यात. दवाखान्यात नेलंय. मशीन बघा येऊन."

मी पोचलो तेव्हा दुकानासमोर माणसं जमली होती. आत गयाबाई उभ्या होत्या. त्या मूळच्या कंधारच्या, पन्नाशीच्या. लातुरात खोली घेऊन राहायच्या. दुकानात लिंबाचा रस काढायच्या आणि लग्नसराईत स्वयंपाकाला जायच्या. त्यांच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणायचे.

"घरून पितळी पातेलं आणलं असशील," बालाजीराव ओरडत होते. "बिनकल्हईचं. रस कळकला, दुसरं काय!"

"न्हाई मालक, स्टीलचंच हाय. ह्ये बघा की, तुमच्या म्होरं हाय."

"ह्ये आजचं. काल कशात ठिवला होतास?"

शेजारचा पानवाला म्हणाला, "मावशी, दुश्मनी होती तर आधी सांगायचं!" दोघे-तिघे हसले.

आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिला की धातू त्यात उतरतो, तो कळकतो. पिणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. माझी आई ताक कधी पितळेत ठेवू देत नसे. सोडाही आंबटच असतो. वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना सांगत होतो. नळी जोडताना मात्र ते डोक्यात आलं नाही.

मी नळी सोडवली. मगात पाणी घेतलं तर त्याला हिरवट झाक होती. बोट बुडवून जिभेला लावलं. नाणं चाटल्यासारखी चव. शिवाय त्या चौघांतल्या एकाने नुसता सोडा घेतला होता, लिंबू नव्हतंच, हे पुढे समजलं. कुणी विचारलं असतं तर आळ तिथेच मिटला असता. मला तर विचारायचीही गरज नव्हती. चवीवरूनच कळलं होतं.

"काय निघालं हो मिस्त्री?" गयाबाईंनी विचारलं.

"काही नाही. फिल्टर चोंदला होता."

"म्हंजी मशीनचा दोष न्हाई?" बालाजीराव म्हणाले.

"नाही."

मी तांब्याची नळी गुंडाळून बॅगेत टाकली, प्लास्टिकची जोडली, नवा व्हॉल्व्ह बसवला. तेवढ्यात गयाबाईंना कामावरून काढलं. चौघे संध्याकाळी बरे होऊन घरी गेले, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला पोलीस केसची भीती वाटत होती, मशीन कंपनीची एजन्सी हातची जाण्याचीही.

पुढे लातूरला गेलो की कानावर यायचं. 'उलट्यावाली बाई' हे नाव पडलं होतं. लग्नाच्या स्वयंपाकाला कुणी बोलवेना. खोली सोडून त्या कंधारला भावाकडे गेल्या. दुकानही बंद पडलं. मी आता पाण्याच्या लाइनला तांबं लावत नाही आणि दर सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून बघतो. धडा म्हणून सांगण्यासारखं एवढंच आहे.

तीन वर्षांनी मी कंधारला गेलो. गयाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात सुपात तसाच फिरत होता.

"तवाच ठावं होतं तुला?"

"हो."

"मी तिथंच उभी होते की रं."

"हो."

"मालकाला सांगितलंस?"

"फोन केला होता. ते म्हणाले, जाऊ द्या आता, दुकानच राहिलं नाही."

"त्येंचं नुसतं दुकान गेलं, त्येंला काय!" त्या म्हणाल्या. "मला हितं धुणं हाय, भांडी हायती. पर पाव्हणे आले की भावजय चुलीम्होरं बसू देत न्हाई. म्हणती, नगं बाई, उगं कुणाला काही झालं तर. सख्ख्या भावाचं घर हाय ह्ये." मग त्यांनी आत हाक मारली, "सुनंदा, भाईर ये. ह्यो काय सांगून राहिलाय ते ऐक."

भावजय पदराला हात पुसत दारात आली.

"बोल आता. हिच्या म्होरं बोल."

मी उभा राहिलो. "वहिनी, लातूरला लोक आजारी पडले ते माझ्या नळीमुळे. मावशींच्या रसात काहीच नव्हतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं आणि मी खोटं बोललो. मावशी, माझं चुकलं. फार उशिरा आलो, तेही चुकलं."