मुकादमाला विकलेली शिराळी

बोईसरला आमच्या कंपनीच्या गेटसमोर एक मावशी भाजी घेऊन बसते. तिच्याकडे तराजू नाही. गोणपाटावर शिराळ्यांचे, काकड्यांचे वाटे मांडलेले असतात. कुणी घासाघीस केली की म्हणते, "घ्यायचा तं घे, नाय तं नुसता बघ. बघायचं पैसं नाय." मला मात्र वाट्यावर एक काकडी जास्तीची मिळते. परक्या मुलखात तेवढ्यानंही मन भरून येतं.

दिवाळी झाली की तिचं घर वीटभट्टीवर जायचं. यंदा एका संस्थेनं तिच्या पाड्यावर घरटी थेट बँकेत पैसे टाकले. कशाला वापरायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. शेजारणीनं शेळ्या घेतल्या, हिनं ओहोळाचं पाणी ओढायला इंजिन घेतलं. आता हिवाळ्यातही भाजी निघणार.

दसऱ्याआधी भट्टीचा मुकादम आला. उचलीच्या, म्हणजे आगाऊ मजुरीच्या नोटा तिच्या मांडीवर टाकून म्हणाला, "दोघं नवराबायको या."

आमच्या बीडकडे आईबाप ऊसतोडीची अशीच उचल घ्यायचे आणि माझी शाळा बुडायची. शेवटी शाळा कायमची सुटलीच. उचल घेतली की ती फिटेपर्यंत सगळं घर त्या कामाला बांधलेलं.

मावशीनं नोटा उचलल्या. शिराळ्यांचे दोन वाटे त्याच्या पिशवीत ओतले, तेवढे पैसे घेतले आणि बाकीचे त्याच्या हातावर ठेवले.

"अगं, ही उचल हाय!"

"मी भाजी इकते, दादा. बायकोला सांग, कवळी हायत."

तो पिशवी धरून उभाच राहिला. मावशी तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला दटावत होती, "वाट्यातलं निवडू नको."