एका भांड्याभोवती चेनअण्णा

कचेरीच्या फाटकाशी माझे टंकलेखन यंत्र आहे. तेथे येऊन भाच्याने ‘मामा, सासरे गेले’ एवढेच सांगितले... हातातला अर्ज अर्धा ठेवून मी उठलो. आज काही आठवड्यांनी लिहितानाही शोकाआधी उत्साहच उसळून येतो. भाच्याचे सासरे चेनअण्णा, त्यांनी आम्हांस चकितच इतके केले होते.

त्यांचा जन्म कलकत्त्याचा, वाडवडील चीनचे आणि खाणावळ यशवंतपुरात. त्यांची मुलगी मेइ व माझा भाचा यांचे जुळले, तेव्हा चेनअण्णांनी एकच अट घातली : उभय कुटुंबांनी एकाच भांड्यात शिजवून त्यातूनच जेवावे, मग सोयरीक. तांब्याचे ते पात्र, मधोमध निखाऱ्यांचे धुराडे, भोवती उकळता रस्सा. ज्याने त्याने आपला घास त्यात बुडवायचा, हे ऐकताच येलहंक्याची माझी थोरली बहीण, भाच्याची आई, आमची अक्का, ताठरली. सर्वांचे उष्टे एकात? तिने वेगळे ताट मागितले. चेनअण्णांचा चेहरा उतरला. भाचा माझ्याकडे पाहू लागला... लग्न मोडण्याच्या बेतात होते.

अशा प्रसंगी निवेदन करणे हा माझा व्यवसाय. चेनअण्णांकडून ऐकलेला सारा इतिहास मी उभा राहून मांडला. उत्तरेच्या थंडीत घोडेस्वार आपल्या शिरस्त्राणातच मांस उकळत, अशी दंतकथा. पुढे हे पात्र राजवाड्यात गेले आणि बादशहाने वृद्ध प्रजाजनांना त्यावर मेजवानी दिली. दक्षिणेकडे नदीकाठच्या नावाड्यांनी स्वस्त आतडी व भरपूर मिरची घालून त्याला निराळाच झणका आणला. तेथून ते समुद्रापार जपान, सयाम असे पसरले. काय तो प्रवास! माझा आवाज चढत गेला.

अक्का शांतपणे म्हणाली, “घोडेस्वार राहू देत, शंकर. अण्णा, पाणी उकळायचं मधे थांबतं का हो?”

“इल्ला अक्का. सगळे उठेपर्यंत उकळतं.”

“सरी, ठीक. मग आधी अग्नी जेवतो, मागून आपण. अग्नीला कसलं उष्टं?”

आणि तिने मटणाचा पहिला तुकडा स्वतः रश्श्यात सोडला. चेनअण्णांनी तो शिजताच काढून तिच्याच वाटीत घातला. मेइ रडत हसली. माझे निवेदन अपूर्णच राहिले, पण मला त्याचे वैषम्य नाही.

चेनअण्णा गेले त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. अशा घरी जवळच्यांनी अन्न न्यावे, ही आमची रीत. अक्काने डबे भरलेच, शिवाय आपल्या शेगडीतले निखारे पत्र्याच्या डब्यात घेऊन ती ऑटोत बसली. मी शेजारी अंग चोरून. चालकाने घाबरून विचारले, जळते निखारे घेऊन कोणाकडे निघालात?

“आमच्याच घरी,” अक्का म्हणाली. “स्वल्प जपून चालव.”

तेथे तिने ते निखारे चेनअण्णांच्या त्या तांब्याच्या पात्राच्या धुराड्यात ओतले. रस्सा उकळू लागला, तसे रडून थकलेले एकेक जण भोवती येऊन बसले... आणि अक्काने पहिला शिजलेला तुकडा उचलून मेइच्या आईच्या वाटीत घातला.