होल्यासारखी झोप

बाल्कनीतलं कबूतर अंड्यांवर बसल्या बसल्या झोपतं की जागंच असतं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. उत्तर मला ठाऊक आहे, कारण तुमचे बाबा जन्मले तेव्हा माझ्यापुढे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

केनवडजवळच्या आमच्या खेड्यात बाळंतिणीला सव्वा महिना एकाच खोलीत ठेवत. दार ओढलेलं, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. उजेड येई तो दोन गजांच्या खिडकीतून. तिच्या कोपऱ्यात होल्याच्या, म्हणजे कबुतराच्याच जातीच्या लहान पाखराच्या, जोडीनं चार काड्या टाकून अंडी घातली होती. खिडकीला झडप नव्हती. आणि आळीत एक बोका मोकाट होता.

"घरटं काढून फळी ठोकतो खिडकीले," सासूबाई म्हणाल्या.

"नको ना आत्याबाई, जीव गुदमरतो माझा."

"जीव गुदमरते म्हने! तुह्या मॅट्रिकच्या पुस्तकात लिवलं नाई का, बोक्याले उंदीर आन् लेकरू सारखंच दिसते?" मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं, राहू दे. पन दिवसा तुहा डोळा लागला, तं त्याच दिवशी फळी."

रात्री सासूबाई खिडकीशी अंथरूण टाकत, पण बाळ रात्रभर रडे. दिवसा त्या शेतात किंवा चुलीपाशी, आणि राखणीला मी. झोपेनं डोकं जड होई. समोर होला डोळे मिटी, मी एक श्वास घेते न घेते तोच उघडी, पुन्हा मिटी. जोडीदार निंबावर घुमत असला की डोळे जास्त वेळ मिटलेले राहत. बोका भिंतीवर आला की इतक्यांदा उघडत, की तिला झोप म्हणणंच कठीण. होल्याचं बघून मीही तशाच डुलक्या घेऊ लागले. दोन-तीन दिवस जमलं.

मग एका दुपारी पंखांच्या फडफडाटानं मी दचकून उठले. बोका गजांमधून अर्धा आत आला होता. मी वाटी फेकून मारली. तो पळाला. बाळ झोपेतच होतं. अंडी खाली फुटली होती.

आवाजानं सासूबाई धावत आल्या. त्यांनी आधी बाळाला चाचपलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"लागला ना डोळा?"

त्यांनी काड्या गोळा केल्या आणि दिराकडून फळी ठोकून घेतली.

"आता नीज बिनघोर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

खोलीत निखाऱ्यांएवढाच उजेड उरला. बाहेर निंबावर होला घुमत होता. झोपायला आता मनाई नव्हती. मी डोळे मिटले, आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. सव्वा महिना सरायला अजून बराच अवकाश होता.