गुडघ्याचे टक्के

अपघाताच्या दाव्यात भरपाई किती मिळणार, ते बरंचसं डॉक्टरांनी दाखल्यात दिलेल्या अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतं. आमच्या शेजारच्या दत्तूभाऊ गवंड्यांच्या गुडघ्याला चाळीस टक्के मिळाले होते. 'गुडघा वाकत नाही,' असं दाखल्यात स्पष्ट लिहिलं होतं.

साक्षीच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोरून दत्तूभाऊंचे शाळेतले मास्तर काठी टेकत आले. दत्तूभाऊ भिंतीला धरून उठले आणि ओठ आवळून, तो गुडघा दुमडत पार मास्तरांच्या पायांपर्यंत वाकले. मास्तर पुढे गेल्यावर सरळ व्हायला त्यांना माझा खांदा लागला.

आमचे वकील वैतागले. "विमा कंपनीच्या माणसानं पाहिलं असतं तर रक्कम निम्म्यावर आली असती. तुम्हाला वाकता येत नाही ना?"

"नाही येत, साहेब."

"मग आत्ता काय केलंत?"

"मास्तर होते."

सांधा किती वळतो ते मोजता येतं; माणूस कुणासाठी किती वळेल, याचा रकाना दाखल्यात नसतो.

थोड्या वेळानं मास्तर परत येताना दिसले. वकिलांनी दत्तूभाऊंचा खांदा दाबून धरला. दत्तूभाऊ बसूनच राहिले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच ते मला अधू वाटले.